शाळा भिंतीपलीकडं आणि रस्ता दोन किलोमीटर: नवीन लेआउटचे रस्ते एकमेकांना का मिळत नाहीत

प्रश्न असा आलाय की सांगलीत कुपवाडच्या बाजूला नवीन लेआउटमधे, म्हणजे शेताचे प्लॉट पाडून केलेल्या वसाहतीत, रो हाऊस घेतलंय, मुलीची शाळा मागच्या कंपाउंडच्या पलीकडंच आहे, सरळ रेषेत दीडशे मीटर पण नसेल, पण जायचं म्हटलं तर गेटमधनं बाहेर, मेन रोडला, तिथनं फिरून दोन किलोमीटर. शहर वाढत जाईल तसे हे रस्ते आपोआप जोडले जातील का? आणि गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या अरुंद गल्ल्यांना सगळे नावं ठेवतात, मग तिथं असा वळसा का पडत नाही?

सरळ उत्तर आधी देतो म्हणजे बाकीचं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आपोआप जोडले जाणार नाहीत. शहर वाढलं की उलट मागची मोकळी जागा भरते, तिथं पण कोणीतरी कंपाउंड घालतो, आणि आज निदान रानातनं पायवाट आहे ती पण जाते. रस्ता जोडायचा खरा मुहूर्त एकच असतो, शेताचे प्लॉट पडतात तो दिवस. तो गेला की नंतर जे होतं ते कोर्टकचेरी, भूसंपादन, नाहीतर कोणाचा तरी मोठेपणा.

मी गेली सत्तावीस वर्ष लेआउटची कामं करतोय, सुरुवातीला मोजणीच्या टेपची दुसरी बाजू धरायचो, मग ड्रॉइंग, मग स्वतःचं छोटं ऑफिस. त्यामुळं खाली लिहितोय त्यातलं बरंचसं पाप माझ्याच हातनं झालेलं आहे, ते पण सांगतो पुढं.

आधी गावभागाचं. हरभट रोडवर मिरवणूक असली की आपण काय करतो, कापड पेठेत शिरतो, नाहीतर मागच्या एखाद्या बोळातनं मारुती चौकाकडं निघतो, कोण थांबून राहात नाही. तिथल्या गल्ल्या कुणी पट्टी लावून आखलेल्या नाहीत, रुंदी बघितली तर आजच्या नियमात एक पण बसणार नाही, पण जवळपास प्रत्येक गल्लीला दुसरं तोंड आहे. कारण साधं आहे, ज्या काळात त्या झाल्या त्या काळात माणूस पायानं चालत होता, डोक्यावर घागर नाहीतर पाठीवर पोतं घेऊन. त्याला दोनशे मीटरचा वळसा घालायला लावला तर तो कुणाच्या तरी परड्यातनं वाट पाडणारच, आणि ती वाट दहा वर्षांनी बोळ होते, शंभर वर्षांनी गल्ली. गाडी चालवणाऱ्याला वळसा टोचत नाही, पेट्रोल जातं तेवढंच, म्हणून तो वाट पाडत नाही. हा एवढा फरक लक्षात ठेवला तरी अर्धा विषय कळला.

आता सांगली कशी वाढली ते बघा. इकडं कृष्णेच्या काठाला सांगली, तिकडं मिरज, मधे आठ-दहा किलोमीटर रान. 1919 ला विलिंग्डन कॉलेज झालं, 1947 ला वालचंद इंजिनिअरिंग, दोन्ही त्या मधल्या पट्ट्यात. मग कॉलेजच्या आजूबाजूला सोसायट्या, मग रस्त्याच्या दोन्ही अंगाला घरं, आणि हळूहळू दोन गावं एका रस्त्याला ओवली गेली. 1998 ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या वर लोकसंख्या. कागदावर एक शहर झालं, पण नकाशा वरनं बघा, एक जाडजूड देठ आणि त्याला दोन्हीकडनं फांद्या. फांदीवरनं शेजारच्या फांदीवर जायचं तर आधी देठावर यावं लागतं. म्हणून सांगली-मिरज रोडला आणि विश्रामबाग चौकाला एवढा लोड. लोकं म्हणतात गाड्या वाढल्या, वाढल्याच, पण ज्या गाडीला या चौकात यायचंच नव्हतं ती पण चौकात येते ही खरी गोष्ट आहे. तुमच्या मुलीची स्कूटी पण त्यातलीच एक.

पण फांद्या अशा सुट्या का राहिल्या? याचं उत्तर नगररचनेच्या ऑफिसात कमी आणि तलाठ्याच्या दप्तरात जास्त मिळतं. आपल्याकडं वाटणी कशी होते, तीन भाऊ असले तर जमीन आडवी फाडत नाहीत, उभी फाडतात, रस्त्याकडनं ओढ्याकडं, कारण प्रत्येकाला गाडीवाट पण पाहिजे आणि पाणी पण. आडवी फाडली तर मागच्या भावानं बैलगाडी कुठनं न्यायची. तीन पिढ्या असं झालं की राहतात त्या लांबच लांब पट्ट्या. समजा 66 फूट रुंद आणि 660 फूट लांब पट्टी, बरोबर एक एकर होतो, 40 गुंठे. आता याचे प्लॉट पाडा. मधनं 15 फुटी रस्ता घातला तर दोन्हीकडं साडेपंचवीस-साडेपंचवीस फूट राहतात, त्यात घर काय बांधणार. म्हणून रस्ता एका बांधाला लावून घेतात, मग दुसऱ्या बाजूला 51 फूट मिळतात, बरे प्लॉट पडतात. रस्ता 660 फुटांवर जाऊन मागच्या बांधाला थांबतो कारण पुढं जमीन दुसऱ्याची. शेजारच्या पट्टीवाल्यानं पाच वर्षांनी प्लॉट पाडले, त्यानं पण त्याचा रस्ता त्याच बांधाला लावला, म्हणजे दोन रस्ते शेजारी शेजारी, मधे बांधावर भिंत, आणि दोन्ही पुढं बंद. दोघांनी मिळून 30 फुटी एक चांगला रस्ता झाला असता. असे जुळे रस्ते सांगली मिरजेच्या आजूबाजूला फिरताना तुम्हाला जागोजागी दिसतील, एकदा दिसायला लागले की दिसतच राहतात.

म्हणजे शहराचे रस्ते आपण आखतो असं आपल्याला वाटतं, पण मुळात ते आखलेत आज्या-पणज्याच्या वाटणीनं. आपण फक्त बांधावर डांबर ओतलं.

आणि मग आपल्या भागाची खास गोष्ट, गुंठेवारी. बाहेरगावच्या लोकांना हा शब्दच कळत नाही, सांगलीत मात्र शेंबडं पोरगं पण सांगेल. 1947 च्या तुकडेबंदीच्या कायद्यात होतं की ठराविक क्षेत्राच्या खाली जमिनीचा तुकडा पाडून विकायचा नाही, हेतू चांगला होता, शेती तुकड्यातुकड्यात जाऊ नये. पण शहराच्या कडेला गिरणीतला, मार्केट यार्डातला, एमआयडीसीतला कामगार आला, त्याला परवडणारं घर कुणी बांधून देत नव्हतं, आणि शेतकऱ्याला पैसा पाहिजे होता. मग स्टँपपेपरवर, नोटरी करून, एक गुंठा दोन गुंठे विकले गेले, सातबारा तसाच मूळ मालकाच्या नावावर. रस्ता किती सोडायचा हे विकणाऱ्याच्या मनावर, दहा फूट, बारा फूट, कुठं पंधरा. सरकारनं 2001 मधे गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला, त्यात 1 जानेवारी 2001 ची तारीख होती, पुढं 2021 मधे दुरुस्ती होऊन ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. घर कायदेशीर झालं हे चांगलंच झालं, लोकांनी आयुष्याची कमाई घातली होती, त्यांना किती वर्ष टांगून ठेवणार. पण घरासोबत तो बारा फुटी बंद बोळ पण कायमचा झाला, हे पण तेवढंच खरं.

आता इथं एक गोष्ट सांगतो जी माझ्या धंद्यातल्या लोकांना आवडत नाही. गुंठेवारीला आपण बिनडोक वाढ म्हणतो आणि मंजूर लेआउटला शिस्तीची वाढ. रुंदीचं, गटारीचं, ओपन स्पेसचं बघितलं तर बरोबर आहे. पण रस्ते एकमेकांना मिळतात का एवढंच बघितलं तर कित्येक ठिकाणी गुंठेवारीतलं जाळं आजच्या गेटवाल्या लेआउटपेक्षा बरं निघतं. तिथं माणसं चालतात, सायकलवर जातात, म्हणून कुणीतरी भिंतीला भगदाड पाडतं, कुणी प्लॉटच्या कडेनं तीन फूट सोडतं, आणि वाट होते. गेटवाल्या लेआउटमधे तारेचं कुंपण, वॉचमन, सीसीटीव्ही, तिथं भगदाड पाडणार कोण. म्हणजे जितकं महाग तितकं तुटक.

हे फक्त आपल्याकडं नाही बरं का. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल म्हणून दोन संशोधक आहेत, त्यांनी आधी अमेरिकेतले आणि मग जगभरातले रस्ते कॉम्प्युटरवर मोजले. 2015 च्या त्यांच्या कामात असं निघालं की अमेरिकेत विसाव्या शतकात रस्ते जास्त जास्त तुटक होत गेले आणि 1994 च्या आसपास कळस झाला, त्यानंतर नवीन वस्त्या परत थोड्या जोडलेल्या व्हायला लागल्या. मग 2020 मधे जगाचं आलं, त्यात 1975 पासनं जगाच्या बऱ्याच भागात नवीन रस्ते उलट्या दिशेनं, म्हणजे जास्त तुटक होत चालल्याचं दिसलं. म्हणजे अमेरिकेनं चूक करून सुधारायला सुरुवात केली तेव्हा बाकीच्यांनी तीच चूक नव्यानं चालू केली. त्यांची बंद गल्लीची फॅशन आली कुठनं ते पण गमतीशीर आहे. 1929 मधे न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत झाली, तिथं गाड्यांसाठी बंद गल्ल्या केल्या पण घरांच्या मागच्या बाजूनं चालायला सलग वाटा आणि बागा ठेवल्या, पोरगं एकही मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाईल अशी कल्पना. पुढं बिल्डरांनी बंद गल्ली उचलली आणि पायवाट सोडून दिली, कारण पायवाट विकता येत नाही. आपल्याकडं ब्रोशरमधनं जे आलं ते हे अर्धवटच आलं.

तुमच्या लेआउटचा हिशोब तुम्ही घरी बसून करू शकता, अवघड नाही. नकाशावर जिथं जिथं रस्ते मिळतात आणि जिथं जिथं गल्ली संपते तिथं ठिपका द्या. दोन ठिपक्यांमधला रस्ता म्हणजे एक तुकडा. तुकडे भागिले ठिपके. समजा गेटमधनं एक रस्ता आत जातो, त्याला एकाच अंगाला सहा गल्ल्या, फणीसारख्या, सगळ्या पुढं बंद, सहावी रस्त्याच्या टोकालाच वळलेली. मेन रोडवरचा ठिपका सोडून ठिपके झाले 12, तुकडे गेटचा धरून 12, म्हणजे आकडा आला 1. आता त्या सहा बंद टोकांना मागनं एक आडवा रस्ता जोडला की पाच तुकडे वाढले, 17 भागिले 12, आकडा 1.42. साधारण 1.4 च्या वर गेलं की चालण्यासारखं जाळं मानतात. काटेकोर मोजणारे नुसत्या वळणाला ठिपका धरत नाहीत, पण घरगुती हिशोबाला हे चालतंय. बघा, पाच छोट्या तुकड्यांत केवढा फरक पडतो.

मग मालक तो आडवा रस्ता का घालत नाही? गल्ल्यांमधलं अंतर 40 मीटर धरा, पाच तुकडे म्हणजे 200 मीटर, 9 मीटर रुंदी धरली तर 1800 चौरस मीटर, जवळपास 18 गुंठे. दोन गुंठ्यांचा प्लॉट धरला तर नऊ प्लॉट गेले. कुठला मालक सोडेल, आणि मी पण त्याच्या जागी असतो तर हजारदा विचार केला असता. त्यात आमच्या नियमांची एक मेख आहे, लेआउटमधल्या आतल्या रस्त्याची लांबी वाढली की रुंदी वाढवावी लागते, 9 चे 12, 12 चे 15 मीटर. रस्ता सलग केला की तो लांब होतो, लांब झाला की रुंद करा, रुंद केला की प्लॉट कमी. मग आमच्यासारखे लोकं काय करतात, एक लांब रस्ता तोडून दोन आखूड बंद गल्ल्या करतात, नियमात चोख बसतं, टोकाला गाडी वळवायला जागा दाखवायची, झालं. नियम करणाऱ्याचा हेतू रुंद रस्ते मिळावेत असा असणार, निघालं भलतंच. पण चालायची वाट मागा ना. तीच 200 मीटर, 3 मीटर रुंद, 600 चौरस मीटर, सहा गुंठे. त्यातले दोनच तुकडे केले तर अडीच गुंठ्यात भागतं. एवढं द्यायला मालक तयार होतो, मी करून घेतलंय, फक्त मागणारा पाहिजे. अर्थात हे झालं आतल्या आत. शाळा जवळ यायला मागचं कंपाउंड उघडावं लागणार, आणि तिथं माझं पाप येतं.

नव्वदीच्या शेवटी, माझ्या सुरुवातीच्या कामांतलं एक लेआउट, जागा सांगत नाही. रस्ता सरळ मागच्या बांधापर्यंत नेला होता मी, शेजारच्या जमिनीत पुढं जाईल असा. मालकानं नकाशा बघितला आणि शांतपणे म्हणाला, हा रस्ता बांधाच्या दोन फूट अलीकडं थांबवा आणि ती दोन फुटाची पट्टी माझ्या नावावर राहू दे. मला वाटलं काहीतरी झाडाबिडाचं असेल. नंतर कळलं, मागचा शेतकरी प्लॉट पाडायला निघाला की त्याला या रस्त्याला लागायचं तर ती दोन फुटाची पट्टी विकत घ्यावी लागणार, मालक सांगेल त्या भावानं. मी काढून दिली. पंचविशीतला पोरगा होतो, पहिली फी होती, आणि नकाशावर दोन फूट म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढं. मागच्यानं पैसे दिले नाहीत, त्यानं भिंत बांधली आणि दुसरीकडनं लांबनं वाट काढली. आज भिंतीच्या दोन्ही बाजूला मिळून शे-दोनशे घरं असतील, तिकडं दवाखाना आहे, इकडं किराणा दुकान आहे, आणि मधे माझी पेन्सिलीची रेघ. दोन्ही मालक वारले, वारसांना त्या पट्टीचा पत्ता पण नसणार, पण सातबाऱ्यावर ती आहे.

लोकं म्हणतात पुढंमागं रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा सुधारेल. इमारत सुधारते हो, रस्ता नाही सुधारत. लंडन 1666 ला जळून खाक झालं, ख्रिस्तोफर रेननं रुंद सरळ रस्त्यांचा नवीन आराखडा काढून दिला, पण लोकांनी आपापल्या जुन्या जागेवर घरं बांधायला घेतली आणि गल्ल्या बहुतांशी होत्या तिथंच राहिल्या. सॅन फ्रान्सिस्को 1906 च्या भूकंपात आणि आगीत गेलं, परत उभं राहिलं ते जवळपास त्याच रस्त्यांवर. आपल्याकडं 2019 ला कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, किती घरं पडली, परत बांधली ती त्याच कोपऱ्यात, त्याच बोळात. घर पन्नास वर्षांचं, रस्ता दोनतीनशे वर्षांचा, कारण घराचा मालक एक असतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूला पन्नास मालक.

पुराचं निघालं म्हणून, रस्ता बंद असणं म्हणजे फक्त वळसा नाही. पाणी चढायला लागलं की प्रत्येक कॉलनीतनं बाहेर पडायला एकच तोंड, आणि ते तोंड नेमकं उताराला असलं की संपलं. मागच्या बाजूला जमीन चढ आहे, तिकडं जाता आलं असतं, पण तिकडं भिंत. शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाळ्यात पाणी साचतं त्यात पण हेच, रस्ता तुटला तिथं गटार पण तुटतं, गटाराला स्वतःचा वेगळा मार्ग थोडाच असतो, ते रस्त्याच्या कडेनंच जाणार. नळाचं पण तसंच. पाइपलाइन सगळीकडनं जोडलेली असली की एका बाजूला फुटली तर दुसऱ्या बाजूनं पाणी येतं, प्रेशर सगळीकडं सारखं राहतं. बंद गल्लीतला पाइप टोकाला बंद, शेवटच्या दोन घरांना कायम कमी पाणी, आणि टोकाला पाणी साचून राहिल्यामुळं गाळ आणि वास. शेवटचा प्लॉट शांत म्हणून जास्त पैसे मोजून घेतात लोकं, आणि वर्षभरात बोअर मारतात. घंटागाडीवाल्याला विचारा, दिवसातनं किती वेळा रिव्हर्स घेतो. अग्निशामकची गाडी तर बोलायलाच नको.

आता समोरची बाजू पण मांडतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहिलं. बंद गल्ली लोकांना आवडते, आणि आवडायला कारण आहे. पोरं क्रिकेट खेळतात, रात्री अनोळखी बाइक फिरत नाही, गणपतीला मंडप घालता येतो कुणाची परवानगी न काढता. रस्ता जोडा म्हटलं की सोसायटीच्या मीटिंगमधे पहिलं वाक्य ठरलेलं, आमच्या दारातनं सगळ्या गावाचं ट्रॅफिक जाईल. एकटाच रस्ता जोडला तर जाईलच, खोटं कशाला बोलू, कारण बाकी सगळे बंद असताना तुमचा एक उघडला की तोच शॉर्टकट. वीस रस्ते जोडलेले असले की कुणा एकावर लोड येत नाही. आणि तोपर्यंत मधला मार्ग आहे, चालणारा आणि सायकलवाला जाऊ शकेल, चारचाकी जाणार नाही एवढंच उघडायचं, मधे दोन लोखंडी खांब रोवायचे. टू-व्हीलरवाले घुसतील, घुसू दे, आपलीच पोरं असतात. मला विचाराल तर रुंद डीपी रोडची, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात दाखवलेल्या रस्त्याची, वीस वर्ष वाट बघण्यापेक्षा पाच फुटाची वाट आज उघडणं भारी.

आकड्यातच बोलायचं तर, चौकोनी जाळं असेल तर तुम्ही एका चौकातनं दुसऱ्या कुठल्याही चौकात गेलात तरी सरळ अंतराच्या 1.41 पटीपेक्षा जास्त चालावं लागत नाही, चौकोनाचा कर्ण हो, शाळेतलंच गणित. तुम्हाला दीडशे मीटरसाठी दोन किलोमीटर पडतंय म्हणजे तेरा पट. युएन-हॅबिटॅट म्हणून संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे, ती साधारण सुचवते की शहरातली 30 टक्के जमीन रस्त्यांना असावी आणि एका चौरस किलोमीटरमधे 18 किलोमीटर तरी रस्ते असावेत. शंभर-शंभर मीटरवर आडवे-उभे रस्ते घातले की 20 किलोमीटर होतात आणि शंभरेक चौक पडतात. गावभाग बघा आणि तुमची बाजू बघा.

मग यावर उपाय काहीच नाही का? आहे, आणि तो नवीन पण नाही. नगररचना योजना म्हणतात, टीपी स्कीम. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासनं आहे ती, पुण्यातला भांबुर्डा, मुंबईतले दादर-वांद्र्याचे भाग असे झालेत, गुजरातमधे अहमदाबाद तर बरंचसं त्यावरच वाढलं. कल्पना अशी की शंभर शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या पट्ट्या आधी एकत्र करायच्या, त्यात रस्ते, शाळा, बागा आखून घ्यायच्या, आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या वाट्याप्रमाणं चौकोनी प्लॉट करून परत द्यायची. जमीन कमी मिळते पण रस्त्याला लागून मिळते म्हणून भाव वाढतो. बांधाची जी अडचण वर सांगितली ती इथं मुळातनंच जाते. आपल्याकडं लोकं घाबरतात कारण वेळ फार लागतो आणि दरम्यान जमीन अडकते, आणि ती भीती खोटी नाही. नवी मुंबई विमानतळाच्या नैना भागात आता परत हाच मार्ग घेतलाय, बघू. डीपी रोडवर मात्र फार भिस्त ठेवू नका, डीपी मोठे रस्ते दाखवतो, 12, 18, 24 मीटरचे, तुमच्या-माझ्या गल्लीतली जोडणी त्यात नसते, आणि जे दाखवलेलं असतं त्याची जागा ताब्यात यायला एक पिढी जाते. व्हर्जिनिया राज्यात 2009 मधे एक सोपी युक्ती केली होती, नवीन वसाहतीचे रस्ते शेजारच्या जमिनीला जोडायची सोय ठेवलेली नसेल तर त्यांची देखभाल राज्य घेणार नाही, डांबर तुमचं तुम्ही करा. पुढं त्यांनी ते थोडं सैल केलं, पण मला ही भाषा आवडली, बिल्डरला कळणारी भाषा आहे ती.

तुमच्या केसमधे काय करायचं ते सांगतो. पहिलं, बिल्डरच्या ब्रोशरवरचा नकाशा टाका बाजूला, मंजूर लेआउटची सही-शिक्क्याची प्रत मिळवा, त्यावर तुमची गल्ली बांधाला भिडलीय का अलीकडं थांबलीय ते बघा, दोन फूट म्हणजे किती ते आता तुम्हाला कळलंय. भिडलेली असेल तर अर्धं काम झालं. दुसरं, त्या रस्त्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, महापालिकेकडं हस्तांतर झालाय का. झाला असेल तर तो सार्वजनिक रस्ता, त्यावरची तुमची भिंत पण अतिक्रमण आणि तुमचं ते सुंदर गेट पण, हे सोसायटीत बोलताना जरा जपून बोला. तिसरं, झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना विभागातनं काढा, शाळेच्या बाजूनं एखादा डीपी रोड जातोय का ते त्यात दिसेल. शाळेशी पण बोला, बऱ्याच शाळा मागचं छोटं फाटक सकाळी आणि सुटताना अर्धा-अर्धा तास उघडायला तयार होतात, मेन गेटवरची रिक्षांची गर्दी त्यांना पण नको असते. वॉचमनचा पगार सोसायटीनं निम्मा उचलला की लवकर तयार होतात.

आणि सगळ्यात आधी एक बघा, उद्या सकाळीच बघा, कंपाउंडला लागून तुमच्या लेआउटची ओपन स्पेस आहे का. एक एकरापेक्षा मोठ्या लेआउटला दहा टक्के ठेवावीच लागते आणि बहुतेक मालक ती सगळ्यात मागं, न विकणाऱ्या कोपऱ्यात टाकतात. तुमच्याकडं तशी असली तर नशीब काढलंत, कुणाचा प्लॉट मोडावा लागत नाही, बागेतनं वाट काढायची आणि भिंतीत चार फुटाचं फाटक, बस. नसेल, आणि शाळेच्या बाजूला कंपाउंडला लागून असलेला प्लॉट अजून मोकळा असेल, तर त्याच्या मालकाला घराचा प्लॅन टाकायच्या आधी गाठा. पाया घेतल्यावर तो ऐकणार नाही, आणि मी त्याच्या जागी असतो तर मी पण ऐकलं नसतं.